चंद्राची गाडी उशिरा लागेल

तमाम रहिवाशांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ढगाळ हवामानामुळे आज संकष्टीच्या चंद्राची गाडी उशिरा लागेल. प्रवाशांनी धीर धरावा.

ही घोषणा जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून, दोन्ही हातांचा कर्णा करून, बिराजदार आप्पा करतात. आप्पांची सगळी नोकरी बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांच्या ताब्यात एकच गाडी उरली, ती म्हणजे चंद्र. तिचे ते सारखे फोटो काढतात. कॅमेरा हलू नये म्हणून कठड्यावर ज्वारीची पिशवी आणि पिशवीवर कॅमेरा. मध्ये कुणाची साडी वाळत असली की "फलाट मोकळा करा" असा हुकूम सुटतो. गच्चीवरचा दिवा लावणाऱ्याशी ते आठवडाभर बोलत नाहीत. मला शांतता हवी असली की मी तो मुद्दाम लावतो.

संकष्टीला मात्र त्यांचा रुबाब बघावा. त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या काकूंचे, गुडघे गेलेले, त्यांना गच्ची चढवत नाही. तळमजल्यावरच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. म्हणून आप्पा चंद्राचा फोटो काढून खाली नेतात आणि तो पाहून काकू उपास सोडतात.

गेल्या संकष्टीला ढग हलेनात. पंचांगातली वेळ पाहून बाकीची इमारत जेवून मोकळी झाली. काकू खाली उपाशी, आप्पा वर येरझाऱ्या घालतायत. मी सुचवलं, मागच्या संकष्टीचा फोटो दाखवा, चंद्र तोच आहे.

विनातिकीट सापडलेल्या माणसाकडे बघावं तसं आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "मागल्या म्हैन्याच्या तिकिटावर आज बसू देतंय व्हय कुणी?"

तेवढ्यात ढग जरासा फाटला. आप्पांनी घाईघाईने बटण दाबलं. फोटो हलला; चंद्र भाजताना वाकडा झालेल्या पापडासारखा दिसत होता. पण आप्पा केव्हाच जिन्यात पोचले होते, "गाडी लागली, गाडी लागली" असं पुकारत. मागे मी, ज्वारीची पिशवी सांभाळत.

काकूंनी कॅमेऱ्यातल्या चंद्राला हात जोडले आणि फोटो लई झ्याक आलाय म्हणून सांगितलं. आप्पा फुलून ताट वाढायला आत गेले आणि शेंगाचटणीचा डबा शोधू लागले. मी काकूंना हळूच म्हटलं, तुमच्या गोळ्या असतात, इतका वेळ उपाशी राहू नका, पंचांगातली वेळ देवालाही चालते.

काकू बोलून गेल्या, "मलाबी चालतंय की, बाळा. पण वाट बघणारं कुणी नसलं, तर ह्यांनी गाडी पुकारायची कुणासाठी?"