देवीपुढची गाठ

"असू द्या, भटजी. गाठ सोडू नका."

विमलच्या या बोलण्यानं मुंबईच्या महालक्ष्मीच्या देवळात भटजींचे हात वरच्या वर थांबले. जोडप्याची पूजा आटोपली होती. विमलच्या पदराला भगवानरावांच्या उपरण्याचं टोक बांधलं होतं, ते सोडायचं तेवढं राहिलं होतं. मागं जोडप्यांची रांग खोळंबली.

"काऊन वं?" भगवानराव ओशाळून पुटपुटले.

"नवस हाय. दिवस मावळेपर्यंत गाठ सोडाची नाही."

"कवा बोलली व्हती?"

"आत्ताच."

भगवानरावांच्या आई, तानुबाई, यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सुनेशी त्या रोज भांडत. पण देवीशी भांडायचं, तेही परक्या मुलखात, ही हिंमत त्यांच्यात नव्हती.

नवसाला कारण होतं. मलकापूरहून निघायच्या आदल्या दिवशी विमल पोरीच्या परकरांच्या घड्या घालत होती, तेव्हा भिंतीपलीकडून मायलेकाची कुजबुज कानी आली. "ऐतवारी चारला तिथंच जाऊ, मांगच्या बारीसारखं. पन हिले समजलं नाही पाह्यजे." मागच्या बारी म्हणजे गेल्या साली. तानुबाईंचे डोळे दाखवायला दोघं पंधरा दिवस मुंबईत राहिले होते.

विमलनं शेजारच्या अन्नपूर्णाबाईला विहिरीवर हे सांगितलं, तर ती बादली खाली ठेवून म्हणाली, "पोरीवर पोरगं नाही तुह्या पदरात. सासू लेकासाठी दुसरी पाहून राह्यली असन. अजून काय?"

विमलच्या पदरात चार वर्षांची शरयू होती, तेवढीच. तिची वेणी घालता घालता विमलनं ठरवलं, मुंबईत नवऱ्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. आणि देवीपुढं तिच्या ध्यानात आलं, की नजरेपेक्षा गाठ पक्की.

वरात निघाली. ट्राममध्ये भगवानराव चढले, विमलचा एक पाय खालीच, तेवढ्यात ट्राम हलली. ती निव्वळ उपरण्याच्या जोरावर आत आली. बाकावरच्या एका म्हातारीनं कौतुकानं विचारलं, "नवं लग्न का गं?"

विमल लाजून "हो" म्हणाली.

तानुबाईंच्या मांडीवरून शरयू ओरडली, "बाबाचं लगन हाय? कोनासंगं?"

विमललाही तेच तर विचारायचं होतं.

राणीच्या बागेत रविवारची तोबा गर्दी. माकडांच्या पिंजऱ्यापुढचे लोक माकडं सोडून यांच्याकडंच पाहू लागले. भगवानरावांना ना माकडं दिसत होती ना माणसं. ज्याच्या मनगटावर घड्याळ दिसेल त्याला ते वेळ विचारत होते.

"काऊन सारखा टाइम पुसता?"

"गाडीचा टाइम होईन ना."

"गाडी उद्या हाय."

तानुबाईंनी लेकाकडं पाहिलं, लेकानं आईकडं. विमलनं दोघांकडं पाहिलं आणि गाठ आणखी आवळली.

शरयूला हत्तीवर बसायचं होतं. विमलनं तिला दोन्ही हातांनी वर चढवलं. हत्ती झुलत फेरी मारून आला, पोरगी खिदळत उतरली. एवढा वेळ विमलला उपरण्याचा ताण बरोबर जाणवत होता. समाधानानं ती वळली. दुसऱ्या टोकाला तानुबाई उभ्या! वासराचं दावं धरावं तसं दोन्ही हातांनी उपरणं धरून.

"हे कुठी गेले?"

"पानी प्याले."

"उपरणं काढून?"

"उकडून राह्यलं व्हतं त्याले."

विमलनं पोरीला काखोटीला मारलं आणि फाटकाकडं सुटली. मागून तानुबाई फरफटत. टोक सोडावं तर नवस मोडल्याचं पाप त्यांच्या माथी. "अवं हळू! सासू हावो मी तुही, बैल नाही!"

फाटकासमोरच्या कोपऱ्यावर इराण्याचं हॉटेल होतं. काचेतून विमलला नवरा दिसला. संगमरवरी टेबल, पुढ्यात दोन कप. एक ओठांशी, दुसरा बशीनं झाकलेला. समोरची खुर्ची रिकामी.

आत जाऊन ती एवढंच म्हणाली, "हा कप कोनाचा?"

भगवानरावांनी आईकडं पाहिलं. आईनं छताकडं.

गल्ल्यावरचा इराणी हसला. "आव माई! आज देर किया? मलाई ज्यादा डाला है, गये साल का माफिक."

विमल सावकाश वळली. गळ्यात तुळशीची माळ घालणारी ही बाई! घरात चहाची पुडी येऊ न देणारी. शरयूच्या वेळी विमलला थंडी भरली, घोटभर चहा मागितला, तर "चहानं दूध आटते" म्हणून जिनं कडू काढा पाजला होता.

"म्हंजे तुम्ही पोरगी पाहाले नव्हत्या आल्या?"

"कोनती पोरगी?" तानुबाई खेकसल्या. "याले एक झेपत नाही, दुसरी कायले आनू?" मग आवाज उतरला. "डाक्तरनं सांगलं व्हतं, चहा घ्या म्हनून."

"डोळ्याइले?"

"डोळ्याइले नाही वं. जिवाले."

विमल खुर्चीवर बसली. बशी बाजूला केली आणि मलाईसकट तो कप एका दमात रिकामा केला.

"अवं, तो माहा—"

"दुसरा मांगवा," विमल म्हणाली. डोळे पुसले आणि शरयूच्या हातात बिस्कूट दिलं.

परतीच्या गाडीत तानुबाईंनी दोघांना शरयूच्या डोक्यावर हात ठेवायला लावून बजावलं, की इराण्याचं इराण्यापाशी राहिलं. मलकापुरात चहाचं नाव काढायचं नाही. भगवानरावांनी मुकाट्यानं मान डोलावली.

आठच दिवसांनी कापसाच्या जिनातलं यंत्र बिघडलं, म्हणून भगवानराव दुपारीच घरी आले. दाराला आतून कडी. ओट्यावर शरयू राखणीला बसलेली.

"माय कुठी हाय तुही?"

"आजीसंगं."

"काय करून राह्यल्या?"

शरयूनं ओठांवर बोट ठेवलं. आतून बशीचा किणकिणाट आला, दोघींचं दबकं हसू आलं, आणि मग विमलची कुजबुज.

"पन त्याइले समजलं नाही पाह्यजे, आत्याबाई."

भगवानरावांनी पायातल्या वहाणा हलकेच काढल्या आणि दाराला कान लावला.