लिफ्टवाले अण्णा यांची परलोकाच्या सिनेम्यावरील मोहीम

लेखनास कारण ऐसे जे, रणांगणाच्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले, परंतु दिवाणखान्यातील लढाईस बखरकार मिळत नाही. सबब चवथ्या मजल्यावरील एका घरी रविवारी दुपारी जे घडले ते, कोणाची भीड न धरता आणि पदरचे काही न घालता, येथे लिहिले असे.

त्या घरचे वडील अण्णा. अडतीस वर्षे शहरातील लिफ्टी दुरुस्त करोन निवृत्त जाहलेले, बोलणे थोडे, कान तिखट, बंद दाराआडोन चालती लिफ्ट ऐकोन तिचे काय झिजले ते सांगणारे. त्यांच्या पत्नी आजीसाहेब चौदा महिन्यांमागे वारल्या. मग चिरंजीव, जे चष्म्यांचे दुकान चालवीत आणि घरचा कारभारही पाहत, त्यांनी फर्मान काढिले, की अण्णांच्या मनास धक्का बसेल ऐसे काही घरात बोलू नये, आजीसाहेबांचे नाव काढू नये, त्यांची तसबीर कपाटात ठेवावी, आणि टीव्हीवर कोणी पात्र दोनदा खोकले तर तत्क्षणी चॅनल बदलावे. अंमल इतका कडक, की वर्षभरात अण्णांनी अकरा सिनेमे निम्मेच पाहिले, आणि त्यातले कोण जगले, कोण गेले, याचा त्यांस पत्ता नाही. अण्णा निमूट राहिले, आणि ते पाहोन चिरंजीवांस वाटले की औषध लागू पडले. वास्तविक अण्णांस बायकोविषयी कोणाशी तरी चार शब्द बोलावयाचे होते, आणि घरात ते शब्द घेणारे कोणी उरले नव्हते.

अशात टीव्हीवर येत्या रविवारी दुपारी एक कार्टूनचा सिनेमा लागणार ऐसी जाहिरात आली. त्यात म्हातारा पोस्टमन मरोन ढगांवरच्या शहरी जातो आणि नातीचे राहिलेले पत्र पोचवावयास धडपडतो, ऐसा मजकूर, आणि वर 'लहानथोरांनी मिळून पाहावा' ऐसा शेरा. नात चिमणी, वय वर्षे आठ, हिने तो मजकूर जेवताना सांगितला. अण्णांनी घास खाली ठेविला आणि हा सिनेमा आपण पाहणार ऐसे जाहीर केले. चिरंजीवांनी प्रथम टीव्हीचा आवाज नीट येत नसल्याची सबब काढिली, मग सिनेमा पोरकट असल्याची खबर आणिली, आणि कशाने भागेना तेव्हा रविवारी जेवणे होताच रिमोटातील सेलच काढोन खिशात घातले. परंतु ज्याची हयात विजेच्या पेट्या उघडण्यात गेली, त्यास दोन सेलांनी काय अडवावे. अण्णांनी आपल्या हातबॅटरीतले सेल काढोन रिमोटात बसविले, आणि खुर्ची टीव्हीपुढे ओढोन ठाण मांडिले.

मग सूनबाई, ज्या इस्पितळात नर्स, त्या मध्ये पडल्या आणि तह ठरला, की सिनेमा लागावा, रिमोट चिरंजीवांच्या हाती राहावा, आणि अवघड प्रसंग आल्यास त्यांनी तेवढ्यापुरते चॅनल बदलावे. अण्णांनी मान हलविली. चिमणीने पडदे ओढिले.

दहाव्या मिनिटास पोस्टमनने पिशवी उशाशी ठेविली आणि डोळे मिटले. चिरंजीवांचा अंगठा बटणाकडे निघाला, तोच सूनबाईंनी त्यांचे मनगट धरिले, आधी अडवावयास आणि मग सवयीने नाडी पाहावयास. पाहतात तो नाडी चौखूर धावते आहे, आणि वर बघतात तो चिरंजीवांच्या चष्म्यावर वाफ आणि गालांवर पाणी. ज्या अण्णांसाठी चौदा महिने तटबंदी केली ते स्वस्थ सिनेमा पाहत होते, आणि तटाआड चिरंजीव स्वतःच दडोन बसले होते, हे तेव्हा सर्वांस कळले. चिरंजीवांस सर्वांच्या शेवटी. रिमोट मांडीवरोन घरंगळला, तो कोणी उचलिला नाही.

पडद्यावर पोस्टमन आणि चाळीस मंडळी एका झगझगीत लिफ्टीत बसोन ढगांकडे निघाली. अण्णा पुढे वाकले.

"ही लिफ्ट एवढी माणसं घेणार नाही," ते म्हणाले. "दोर बघ किती बारीक आहे."

आणि थोड्या वेळाने, नजर पडद्यावरच ठेवोन, चिरंजीवांस म्हणाले, "तुझी आई हिच्यात बसलीच नसेल. जिन्याने गेली असेल."

कारण लिफ्टवाल्याची बायको असोन आजीसाहेबांनी जन्मात लिफ्टीत पाऊल घातले नाही. लिफ्टी दुरुस्त कोण करतो ते आपणास ठाऊक आहे, ऐसे त्या चारचौघांत सांगत.

फर्मान मोडले म्हणोन चिमणी बापाच्या तोंडाकडे पाहू लागली. चिरंजीवांनी चष्मा काढिला, गिऱ्हाइकांस जे करू नका म्हणोन रोज बजावीत तेच करोन तो सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

"मग अजून वाटेतच असेल," ते म्हणाले. "एकेका मजल्यावर कुणाशी तरी बोलत बसली असेल."

"बसू दे," अण्णा म्हणाले. "घाई कुणाला आहे."

मग बांध फुटला. सूनबाईंनी सांगितले, की इस्पितळात निजल्या जागेवरोन आजीसाहेबांनी डॉक्टरांस वेळेवर न जेवल्याबद्दल झापले होते, आणि चिमणीने सांगितले, की पत्ते खेळताना आजी लबाडी करी, परंतु ती हरावयासाठी. अण्णांनी लग्नाआधीची एक गोष्ट काढिली, ती चिरंजीवांनी उभ्या जन्मात ऐकिली नव्हती. पोस्टमनचे पत्र पोचले की नाही हे कोणास कळले नाही. सिनेमा संपोन बातम्या लागल्या आणि त्याही संपल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जखमी कोणी नाही, भिजलेले रुमाल तीन. फर्मान रद्द जाहले, आणि आजीसाहेबांचे नाव त्या दुपारी एकतीस वेळा घेतले गेले, ऐसी चिमणीची मोजदाद. विजयाचा मान अण्णांचा, तो त्यांच्या नावे लिहिला.

दुसरे दिवशी चिरंजीव दुकानातून परतले, ते लिफ्ट चालू असता जिन्याने वर आले, आणि मजल्या-मजल्यावर थांबत आले. सूनबाईंनी कारण पुसले, तेव्हा पाय मोकळे करावयाचे होते ऐसे त्यांनी सांगितले. बखरकाराने तैसेच लिहिले आहे.