एकोणीस वर्षांची शेगडी

"तिचं वय झालंय, एवढंच म्हणतोय मी," निवृत्त हेडक्लार्क तिसऱ्यांदा म्हणाले.

"माझंही झालंय. मलाही भंगारात देणार?" बायकोनं विचारलं.

ती म्हणजे स्वयंपाकघरातली विजेची शेगडी. वर चार प्लेटा, खाली ओव्हन, वय वर्षं एकोणीस. अशी शेगडी फार तर पंधरा वर्षं टिकते, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. म्हणजे ही चार वर्षं मुदतवाढ घेऊन बसलेली, आणि मुदतवाढीचा हेडक्लार्कांना भारी राग. (त्यांना स्वतःला मिळाली नव्हती.) त्यात आज सकाळी, बायको अंघोळीला गेलेली असताना, पाव गरम करायला त्यांनी ओव्हनचं बटण फिरवलं, तर तापली मागची प्लेट, आणि तिच्यावर त्यांनीच ठेवलेली चष्म्याची डबी वितळून तिचं थारोळं झालं. चष्मा नाकावर होता म्हणून वाचला.

आतल्या वायरी एकमेकींत गेल्यात, उद्या घर पेटेल, हे त्यांचं निदान. बायकोचं म्हणणं, मुलीचं बाळंतपण, तुमची पथ्यं, सगळं हिनं निभावलं, हिला मी हाकलणार नाही. खरं तर एकोणीस वर्षं आयतं गरम जेवल्याबद्दल बायकोला नवीकोरी शेगडी द्यावी, असं त्यांच्या मनात होतं. पण मनातलं चांगलं बोलायला गेलं की त्यांच्या तोंडून नोटीसच निघायची.

शेवटी मिस्त्री आला. त्यानं शेगडी पुढे ओढली, पाठ उघडली, चारही प्लेटा तापवून पाहिल्या. म्हणाला, वय काय बघता, वायरी करपल्या, प्लेट अर्धीच लाल व्हायला लागली, पत्रा कुजला, की बदलायची. हिला काहीएक झालेलं नाही. ओव्हनच्या दाराचं रबर तेवढं नवं घालतो.

"मग ओव्हनचं बटण फिरवल्यावर प्लेट कशी तापते?"

मिस्त्रीनं पाचही बटणं उपसून ओट्यावर मांडली. धुवायला काढून कुणीतरी उलटसुलट बसवलीत, ओव्हनचं गेलंय मागच्या प्लेटच्या जागी, म्हणाला.

"कोण तो गाढव?" हेडक्लार्क कडाडले.

बायकोनं पाचही बटणं उचलून त्यांच्या हातात दिली. मग त्यांना हळूहळू आठवलं. अकरा वर्षांपूर्वी ती तापानं पडलेली, बादलीत साबणाचं पाणी, आणि त्यांच्या ओंजळीत पाच ओली बटणं.

"अकरा वर्षं," त्यांचा आवाज पार खाली आला, "बोलली का नाहीस?"

"उठल्या दिवशीच कळलं होतं मला, पण लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही न सांगता स्वयंपाकघरात काही धुतलं होतंत, इतकं बरं वाटलं की म्हटलं, चूक काढली तर पुन्हा हात लावायचे नाहीत, म्हणून गप्प बसले, ती पुन्हा कधी धुताय याची अजून वाट बघतेय."