तेल लावून पारखलेला माउस पॅड

दुकानात वस्तू पारखायची म्हणजे लोक आधी चष्मा पुसतात. आमचे व्यंकटराव चष्म्याला खोबरेल फासतात. बाटली खिशातच असते. चमचे घेताना तेल, ताटं घेताना तेल. कारण विचारलं की तमिळमध्ये "सरि, सरि", म्हणजे बरं बरं, म्हणून विषय बदलायचे.

राव म्हणजे वेस्ट मांबलममधले आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी. तंजावरकडचे मराठी, रेल्वेतून निवृत्त. त्यांचं मराठी पणजोबांच्या काळातलं, वर तमिळची फोडणी. बदली होऊन मी चेन्नईत आलो तेव्हा 'आपला माणूस' म्हणून त्यांनी मला जे धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. त्या शनिवारीही धरलं. साडेदहापर्यंत राहुकाळ, म्हणून मला रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर बाजारात उन्हात उभं केलं आणि तो संपताच मुहूर्त गाठावा तसे दुकानात घुसले.

घ्यायचं काय, तर कॉम्प्युटरवर गेम खेळणारी पोरं घेतात तो कडेने उजळणारा माउस पॅड. सत्तरीच्या माणसाला! मला हसू आवरेना. राव मात्र उत्साहाने नुसते फुरफुरत होते. आधी त्यांनी दुकानातले दिवे बंद करायला लावले. करंट गेला समजून शेजारचा दुकानदार बाहेर डोकावला. मग तेलकट चष्मा चढवून राव एकेक पॅड हातभर अंतरावर धरू लागले. लाल पेटला. "बहु मंद." जांभळा पेटला, तोही नापास. निळा मात्र त्यांनी तीनदा लावून पाहिला. "अय्यो, हा दिसतच नाही की हो," म्हणत जड मनाने परत दिला. अकरावा हिरवा होता. तो पेटताच रावांनी चक्क टाळी वाजवली. दुकानदाराने सुटलो म्हणून हात जोडले.

रिक्षात मी वैतागून विचारलंच, की हे तेलाचं खूळ तरी काय आहे?

"आमच्या अंबूला असंच दिसतं हो," राव म्हणाले.

अंबूबाई म्हणजे त्यांची बायको. त्यांच्या डोळ्यांपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. घरात दोघंच. रोज संध्याकाळी दोघं मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळत आणि अंबूबाई जिंकत. पण आता त्यांचा माउस काळ्या टेबलावर भरकटून कॉफीच्या पेल्यावर आदळायचा. चार दिवसांपूर्वी 'पुरे, माझ्यानं होत नाही' म्हणून उठल्या त्या परत बसल्या नव्हत्या. राव दर महिन्याला त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला लावत आणि आपल्यालाही तेवढंच दिसेपर्यंत चष्म्यावर तेल चढवत. दर महिन्याला थेंब वाढत होते. निळा रंग अंबूबाईंचा जीव की प्राण, तोच मिळाला नाही, ही रुखरुख त्यांना घरापर्यंत पुरली. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

घरी रावांनी तार जोडली. पॅडची कड हिरवीगार उजळली. अंबूबाई नको नको म्हणत खुर्चीवर टेकल्या. त्यांनी माउस सरकवला, तो कडेशी आला आणि त्यांनी आपणहून थांबवला. पुन्हा सरकवला, पुन्हा नेमका थांबवला. रावांनी श्वास रोखून धरला होता, आणि खरं सांगायचं तर मीही.

"दिसतो हो," अंबूबाई म्हणाल्या. "किती छान निळा आणलात."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रावांनी माझा दंड घट्ट धरला.

"निळाच," ते म्हणाले. "तुला आवडतो म्हणून निळाच घेतला."

आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी खेळायला बसले.