प्रस्तावना आणि झटपट मशीन

दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत त्यांना सगळे 'प्रस्तावना' म्हणत, तेही तोंडावर. साधं स्टेपलर मागायचं तरी ते हवापाण्यापासून सुरुवात करत, मग स्वतःच्या गुडघ्यावर येत, आणि तोवर ऐकणारा स्टेपलर त्यांच्या हातात कोंबून पसार झालेला असे. पण याच गुणामुळे त्यांची रजा कधी नामंजूर झाली नव्हती. रजा मंजूर करणाऱ्या मॅडमचा कॉम्प्युटर सकाळी चालू व्हायला प्रस्तावनांइतकाच वेळ घेई. तोवर मॅडम रिकाम्या असत आणि माणसासारखं बोलत. एकदा का पडद्यावर ऑर्डरींची यादी आली, की त्यांच्याकडे कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर असे, "नाही."

मशीन फार मंद आहे, अशी तक्रार वरच्या कार्यालयात केली तीही प्रस्तावनांनीच, चांगली ऐसपैस. ती कुणी शेवटपर्यंत वाचेल असं खुद्द त्यांनाही वाटलं नव्हतं. पण कुणीतरी वाचली आणि कचेरीत नवी, झटपट चालू होणारी सिस्टीम आली.

"लिहायची खाज नडली तुम्हाला," शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "भोगा आता."

भोग लगेच सुरू झाले. शुक्रवारी सकाळी लेकीची पोहण्याची शर्यत होती. पोरगी पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचली होती.

"बाबा, याल ना?"

"आता त्याचं असं आहे बेटा, की..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"हो," प्रस्तावना म्हणाले आणि शब्दात अडकले.

बुधवारी ते केबिनमध्ये शिरले तेव्हा मॅडम नुकतंच बटण दाबत होत्या.

"मॅडम, कालपासून हवेत जरा..."

पडदा उजळला. यादी आली.

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"पण मी अजून काही मागितलंच नाही."

"मागणार होतात ना? नाही."

गुरुवारी त्यांनी संध्याकाळचा मुहूर्त धरला. जुनं मशीन बंद होतानाही इतके आढेवेढे घेई, की मॅडम पर्स खांद्याला लावून ताटकळत बसत. प्रस्तावना दारात जाऊन खाकरले. खाकरणं पुरं होईपर्यंत पडदा काळा झाला होता आणि मॅडम जिना उतरत होत्या.

शुक्रवारी सकाळी बायकोचा फोन आला. "ती तयार होऊन बसलीय. सारखी दाराकडे बघतेय."

प्रस्तावना उठले, हवा आणि गुडघा दोन्ही गिळले आणि केबिनचं दार ढकललं. समोर यादी उघडीच होती.

"मॅडम, मुलीची शर्यत आहे. मला आत्ता जायचंय."

मॅडमनी चमकून वर पाहिलं. "तुम्हाला बरं नाही का?"

"बरंय."

"मग जा की."

इतकं सोपं होतं तर जन्मभर आपण काय करत होतो, हे प्रस्तावनांना कळेना. आनंदानं ते वळले.

"थांबा हो जरा," मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "पूर्वी सकाळी कुणी ना कुणी येऊन बसायचं. तुमचा गुडघा, त्या बाईंची सून. आता कुणाचं वाक्यच पुरं होत नाही. बसा, हे बंदच करते." मशीन क्षणात बंद झालं. "मीसुद्धा शाळेत पोहायचे बरं का. म्हणजे त्याचं असं झालं, आमची एक आत्या होती, तिच्या घरामागे..."

प्रस्तावना कशी असते हे प्रस्तावनांना कुणी सांगायला नको होतं. ही आत्या दुपारपर्यंत काही पाण्याजवळ पोचणार नव्हती. त्यांनी हळूच हात लांबवला आणि बटण दाबलं. पडदा उजळला, यादी आली, मॅडमची नजर तिकडे गेली आणि आत्या घरामागेच राहिली.

"हं," त्या यादीत बघत पुटपुटल्या, "निघा तुम्ही."

त्यांनी नव्या सिस्टीमला मनोमन हात जोडले आणि गुडघ्याची पर्वा न करता धूम ठोकली.

ते तलावाच्या कठड्याशी पोचले तेव्हा मुली ओळीनं उभ्या होत्या. लेकीनं त्यांना पाहिलं, चष्मा डोळ्यांवर ओढला, आणि शिट्टी वाजली. प्रस्तावना घसा बसेपर्यंत ओरडले. शर्यत संपल्यावर शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी कौतुकानं विचारलं, "यातली तुमची मुलगी कुठली हो?"

प्रस्तावनांनी डोळे पुसले.

"पहिली," ते म्हणाले.