परीक्षेसाठी एक धडधाकट रुग्ण

रुग्ण व्हायचं काम माझ्याइतकं चोख कुणाला जमणार नाही, अशी माझी खात्री होती! बायकोच्या आजारपणात आठ महिने मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून काढले. कसं पडायचं, कधी कण्हायचं, डॉक्टर आले की चेहरा कसा करायचा, सगळं पाठ! ती जाऊन वर्ष झालं. माझं ज्ञान मात्र तसंच पडून होतं.

मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पट्ट्या बांधायच्या प्रात्यक्षिकात ती एकदा नापास झाली, कारण ऐन वेळी हात थरथरले. त्या दिवशी दुपारी तीनला फेरपरीक्षा होती. "या वेळी गेलं तर सोडूनच देणार आहे," असं ती आठवडाभर म्हणत होती. तिच्या दोन मैत्रिणींचीही तीच गत. साडेबाराला तिघी सकाळची ड्युटी संपवून, वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या लोंबत घरी आल्या.

"वॉर्डात आम्ही चादरींच्या खोलीत पाळीपाळीनं रडतो, काका," चष्मेवाली म्हणाली. "पाच-पाच मिनिटं. एक रडते, एक दाराशी उभी राहते, एक पेशंट बघते."

"आणि पाच मिनिटांत नाही आटपलं तर?"

"उरलेलं उद्या!"

मला राहवेना. "माझ्यावर करा सराव!" म्हणत मी खाटेवर आडवा झालो.

चष्मेवालीनं माझा उजवा डोळा आणि जबडा बांधला. दुसरी, चांगलीच उंच, तिनं उजव्या पायाला फळी बांधली. मुलीनं डावा हात झोळीत घातला, पण गाठ मारताना तिचे हात लटलटत होते. तिला धीर यावा म्हणून मी जबड्याच्या पट्टीतून जोरजोरात कण्हायला लागलो.

"बाबा, एवढं कुणी कण्हत नाही! आई कधी कण्हली का?"

"नाही ना! तिच्या वाटणीचं मी कण्हतोय," असं मी कसंबसं दातांतून बोललो.

मग चष्मेवालीनं पट्टी आणखी आवळली आणि माझं तोंड पुरतं बंद झालं.

"पाच मिनिटं डोकं टेकते," म्हणत ती खाटेच्या कडेवर टेकली. उंच मुलगी उशाशी कलंडली. मुलीनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. क्षणात तिघी घोरायला लागल्या! आता यांना हलवायचं म्हणजे पाप. म्हटलं, अडीचला उठवू. आणि मीही झोपलो.

जाग आली ती किंकाळीनं! शेजारच्या वहिनी पेपर न्यायला आल्या होत्या. दार उघडंच होतं. पाहतात तर मी पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला, आणि भोवती गणवेशातल्या तीन मुली माना टाकून.

"अगं बाई! भाऊजी गेले!"

उंच मुलगी ताडकन उठली. डोळे मिटलेलेच! पण वॉर्डातलं शिक्षण अंगात इतकं मुरलेलं, की तिनं थेट माझ्या छातीवर तळवे ठेवून दाबायला सुरुवात केली. "एक! दोन! तीन!"

"म्म! म्म!" मी ओरडलो.

"धुगधुगी आहे!" वहिनी म्हणाल्या. "दाब, दाब, आणखी जोरात!"

चौथ्या दाबाला मी जीव वाचवायला कुशीवर वळलो आणि फळीसकट धाडकन खाली! सगळा भार उजव्या मनगटावर. मनगट बघता बघता भाकरीसारखं फुगलं. चष्मेवालीनं जबडा सोडला तेव्हा माझा पहिला शब्द होता, "वाजले किती?"

तीनला दहा कमी!

बायकोची चाकांची खुर्ची दारामागे घडी घालून ठेवली होती. वर्षभर मी तिला हात लावला नव्हता. मुलीनं एका झटक्यात ती उघडली, मला तिच्यात कोंबलं आणि तिघी मला ढकलत दोन गल्ल्यांपलीकडच्या कॉलेजकडे पळत सुटल्या. मागून वहिनी, "हळू गं, हळू!"

परीक्षेच्या मॅडमनी आधी घड्याळ पाहिलं, मग मला. "हे कोण?"

"पेशंट," मुलगी धापा टाकत म्हणाली. "पाय, डोळा आणि डावा हात खोटा. उजवं मनगट खरं."

"मग खऱ्याचं दाखव."

मुलगी समोर बसली. आता हिचे हात थरथरणार, या भीतीनं मीच थरथरायला लागलो. "अगं, अंगठा आधी मोकळा सोड, मग वरून..."

"बाबा, गप्प बसा!"

आवाज हुबेहूब तिच्या आईचा. मी गप्प बसलो. मुलीनं माझं मनगट धरलं आणि एकेक वेढा शांतपणे घालत गेली. तिचा हात एकदाही हलला नाही. मी बघतच राहिलो.

तिघीही पास झाल्या. मुलीच्या कागदावर मॅडमनी शेरा लिहिला होता: 'पट्टी उत्तम. रुग्ण मात्र सूचना पाळत नाही आणि फार बोलतो.'

बायको असती तर म्हणाली असती, एवढं कळायला परीक्षा कशाला हवी होती!