मोहनरावांचा गाल

"मास्तर, आमी काय जनावर हावोत का?"

मोहनरावांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडात पानाचा भरगच्च तोबरा होता. त्यामुळं निम्मा सवाल तोंडातच राहिला आणि निम्मा त्रिंबक मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला. मास्तरांनी तो पुसला नाही. उमापूरची शाळा मोहनरावांच्या जुन्या कोठारात भरत होती, तीही फुकट. फुकटच्या छपराखाली बसणाऱ्यानं सदरा पुसायचा नसतो.

"जनावर नाही, मालक. प्राणी," मास्तर म्हणाले. "पुस्तकात माणूस प्राण्यांतच धरलाय."

"कोण्या गाढवानं लिवलंय हे पुस्तक?"

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मनकर्णाला हसू फुटलं. ते तिनं गालाच्या आत दाबून धरलं. सगळं भांडण त्या गालावरूनच चाललं होतं.

झालं होतं असं. बीडहून तालीमखात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे साहेब शाळा तपासायला येणार होते, आणि आठ दिवस आधीच त्यांनी बैलगाडीतून एक पेटी पाठवून दिली होती. पेटीत खुर्दबीन, म्हणजे डोळ्याला न दिसणारी वस्तू मोठी करून दाखवणारं पितळेचं यंत्र. सोबत उर्दूतला हुकूम : शाळेनं वनस्पतीच्या आणि प्राण्याच्या ऊती काचेवर तयार ठेवाव्यात, आणि ज्या मुलाला त्या उत्तम समजल्या असतील त्याला वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती मिळेल, बीडला राहून पुढं शिकण्याची. मुलीला मिळणार नाही असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. मनकर्णानं मास्तरांकडून हुकूम दोनदा वाचून घेतला, तो एवढ्याचसाठी.

मनकर्णा म्हणजे धुळाजी मेंढपाळाची लेक. वय तेरा, वर्ग चौथा, आवाज असा की वर्गात उत्तर दिलं तरी पार वेशीवरची मेंढरं वळावीत. चौथीच्या पुढं उमापुरात शाळाच नव्हती. धुळाजीनं तिला सरळ सांगून टाकलं होतं, "सायबानं नाव लिवलं तर जा बीडला, मी न्हाई आडवणार. न्हाई लिवलं तर सोमवारपून मेंढरामागं. मी एकटा किती वळू?" धुळाजी काही वाईट माणूस नव्हता. शंभर मेंढरांना दोन पाय पुरत नव्हते, एवढंच.

मास्तर खुर्दबिनीला हातच लावत नसत. "ती मोडली तर सरकार मला मोडेल," म्हणत ते हातभर लांब उभे राहत. तेव्हा आरसा उन्हाकडं वळवणं, काच सरकवणं, नळी खालीवर करणं हे सगळं मनकर्णानंच शिकून घेतलं. पहिल्या दिवशी तिनं कांद्याचा पातळ पापुद्रा बघितला आणि किंचाळलीच.

"गुरुजी, ह्यात तर गवंड्यानं बांधकाम केलंय! ईट आन् ईट!"

"एकेक वीट म्हणजे एक पेशी," मास्तर लांबूनच म्हणाले. "सारख्या पेशी एका ठिकाणी राहून एकच काम करतात, तेव्हा तिला ऊती म्हणायचं. समज, पेशींची भावकी."

"भावकी, आन् समदे मिळून एकच काम?" मनकर्णानं डोळा न उचलता विचारलं. "मंग ही आपल्याकडची न्हाई दिसत."

प्राण्यांच्या ऊती तर तिला मास्तरांपेक्षा जास्त ठाऊक होत्या. बाप मेंढरू कापायला बसला की ती शेजारी बसायची. चरबी साठवणीला, शीर मांस हाडाला बांधायला, कातडं झाकायला, हे ती सांगे आणि मास्तर गुपचूप पुस्तकातली नावं त्यापुढं लिहून घेत. पण दाखवायला मांस आणायचं कुठून? कोठाराची भिंत मोहनरावांच्या देवघराला लागून होती. तेव्हा पुस्तकातली एक सोपी युक्ती निघाली : गालाच्या आतून गुळगुळीत काडी फिरवायची, येईल ते काचेला लावायचं, वर निळ्या शाईचा थेंब. मनकर्णानं स्वतःचाच गाल खरवडला. काय सुरेख काच झाली ती! पातळ पातळ पेशी, एकीवर एक कलंडलेल्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध निळा ठिपका, जणू भाकरीच्या कुटक्यावर तीळ.

नेमके तेव्हाच मोहनराव आले.

"कुणाचा गाल म्हणलास? माझ्या छपराखाली, सायबापुढं, मेंढक्याच्या पोरीचं उष्टं मांडनार? कावून? गावात गाल मेलेत का?"

आणि मग तो जनावराचा सवाल. शेवटी 'श्रेष्ठ प्राणी' असं चिठ्ठीवर लिहिण्याच्या अटीवर मोहनरावांनी स्वतःचा गाल द्यायचं कबूल केलं. वर एक फर्मानही सोडलं.

"पोरीची काच फेकू नका. दोनी शेजारी ठिवा. घरंदाज गाल कसा असतो आन् रानातला कसा, ह्यो फरक सायबाला दिसला पायजे."

मोहनरावांनी तोंड उघडलं, मास्तरांनी काडी फिरवली, मनकर्णानं काच लावली आणि नळीला डोळा लावला. आत उकिरडा होता. सुपारीचे खडे, तंबाखूचा चुरा, पानाच्या चिंध्या, चुना. आणि दूर एका कोपऱ्यात, पुरात माणसं झाडाला धरून बसावीत तशा, गालाच्या दोनचार पेशी. दुसऱ्यांदा काडी फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. उकिरडा हटेना.

"मालक, जरा चूळ भरली असती तर..." मास्तर म्हणाले.

"तपासनी शाळंची हाय का माझ्या तोंडाची?"

दारात मोहनरावांच्या बायको सरस्वतीबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, "घासा किती घासायचं ते. चाळीस वर्सांचा तोबरा हाय. त्या गालात आता मानूस घावायचं न्हाई."

मोहनराव तांब्याला लाथ मारून निघून गेले. त्यांची पाठ वळली तशा मास्तरांनी दोन्ही काचांवरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि उलट्या चिकटवल्या. सुरेख काचेवर मोहनराव. उकिरड्यावर मनकर्णा.

"गुरुजी, हे खोटं हाय!"

"खोटं आहे," मास्तर म्हणाले. "पण छप्पर खरं आहे. मालक फिरले तर उद्या चाळीस पोरं रस्त्यावर बसतील. तू घाबरू नको, साहेब काचेवरून वजीफा देत नाहीत, उत्तरावरून देतात. तुझं नाव मी स्वतः पुढं घालीन."

मनकर्णाला ते पटलं. उत्तराचं म्हणाल तर तिला कुणाच्या बापाची भीती नव्हती.

साहेब आले ते सकाळी दहाला, टांग्यातून, आणि आल्या आल्या त्यांच्या नाकात मोहनरावांच्या चुलीवरचा पुरणाचा वास शिरला. आधी कांदा बघितला. मनकर्णा धडाधडा बोलत सुटली. कांद्याचा हा पापुद्रा झाकणीचा, शेंड्याला वाढीची ऊती असते ती नव्या पेशी घालत राहते, देठात पाणी चढवायच्या नळ्या असतात, कांदा फुगतो तो साठवणीच्या ऊतीमुळं. साहेबांनी चष्मा वर केला. "वा! ही मुलगी कुणाची?"

"आमच्या शाळंची," मोहनराव म्हणाले.

मग साहेबांनी 'श्रेष्ठ प्राणी' चिठ्ठीची काच घेतली. बराच वेळ बघितली. "सुभानल्ला! काय नमुना आहे! एकेक पेशी स्वच्छ, जणू आत्ता धुऊन ठेवलीय."

"सात पिढ्यांचं साजूक तूप हाय सायब," मोहनरावांनी मिशीवर हात फिरवला. "आता ही दुसरी बगा. म्हंजी फरक समजंल."

साहेबांनी दुसऱ्या काचेला डोळा लावला आणि मागं सरकले.

"हे काय? ह्यात तर प्राणी कमी आणि झाडं जास्ती दिसतात!" त्यांनी चिठ्ठी वाचली. "मनकर्णा कोण? तू? तंबाखू खाते?"

चाळीस पोरांच्या माना मनकर्णाकडं वळल्या. मनकर्णानं मास्तरांकडं बघितलं. मास्तर छपराकडं बघत होते.

"न्हाई साहेब," ती म्हणाली.

"मग हे काय आहे?"

आता हा सवाल ऊतीचा होता, आणि ऊतीच्या सवालावर गप्प बसणं मनकर्णाला जमण्यासारखं नव्हतं. ती पुढं झाली. "साहेब, ह्या चौकटी दिसतात ना, त्या पानाच्या. गालाच्या पेशीला अशी जाड भित नसती, झाडाच्याच असती. ही येटोळ्याची नळी पानाच्या शिरंतली, पानी वाहायची. ह्यो टनक खडा सुपारीचा. आन् त्या कोपऱ्यात दोनचार हायेत ना, तेवढाच गाल."

साहेब तिच्याकडं बघतच राहिले. बीडपर्यंतच्या कुठल्या शाळेत त्यांना असं उत्तर मिळालं नव्हतं. "तोंड उघड," ते हलकेच म्हणाले.

मनकर्णानं तोंड उघडलं. राखुंडीनं घासलेले दात, दुधासारखे पांढरे. साहेबांनी मान हलवली आणि सावकाश मोहनरावांकडं वळून पाहिलं.

"मोहनराव, तुम्ही पान खाता?"

"छ्या! कधीमधी. सनावाराला," म्हणत मोहनराव हसले. त्या हसण्यात दात, हिरड्या, जीभ, सगळं काताच्या रंगाचं होतं. उजव्या गालात अजून निम्मं पान होतं.

कळायचं ते सगळ्यांना कळलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलंही.  आता बीड, एवढंच मनकर्णाच्या डोक्यात होतं.

मोहनराव मात्र असल्या प्रसंगाला मुरलेले होते. "सायब," ते म्हणाले, "इच्यार करा जरा. तंबाखू-पानाची इतकी बारीक वळख बिगर चघळता हुईल का हो? पोरगी दात घासून आलीया."

साहेबांनी पोरीकडं बघितलं. मोहनरावांकडं बघितलं. मग मास्तरांसारखंच वर छपराकडं बघितलं. तालुक्यात फुकट छपराच्या किती शाळा होत्या, हे साहेबांनाच ठाऊक. आणि पुरण एव्हाना पाट्यावर पडलं होतं.

"त्रिंबक मास्तर," त्यांनी दौत मागवली, "तुमचं काय म्हणणं?"

मनकर्णाला वाटलं, आता. आता मास्तर बोलणार. तिचं नाव पुढं घालणार.

"मुलगी हुशार आहे," मास्तर सदऱ्यावरच्या वाळलेल्या डागाकडं बघत म्हणाले. "बाकी तिच्या घरचं... मला काय ठाऊक."

शेरा उर्दूत लिहिला गेला. साहेब जेवायला गेल्यावर मास्तरांनी तो वाचून दाखवला, कारण वाचून दाखवणं हे त्यांचं कामच होतं : 'शाळेस जागा देणाऱ्या मोहनरावांचे खाते आभारी आहे. त्यांच्या गालाचा नमुना उत्तम. मुलगी हुशार, पण तंबाखूची आदत. सबब वजीफा यंदा कुणालाही नाही.'

दुपारी पेटी पुढच्या गावाला निघाली. जाताना साहेबांनी ती सुरेख काच मोहनरावांना आठवण म्हणून देऊन टाकली. घरी धुळाजीनं लेकीकडून सगळं ऐकून घेतलं आणि तिचं तोंड हुंगून पाहिलं. शेऱ्यावर सरकारची मोहर होती ना.

सोमवारी मनकर्णा मेंढरं घेऊन निघाली. वाट मोहनरावांच्या परसामागून जात होती. सरस्वतीबाई जास्वंदीची फुलं तोडत होत्या. त्यांनी इकडंतिकडं बघून तिला हाक मारली.

"अगं ए मनकर्णे, इकडं ये. ती काच कुठं हाय म्हाईत हाय का? देवघरात! समद्या गावाला दावून झाली, आन् आता बाळकृष्णाच्या शेजारी चांदीच्या ताटलीत मांडलीया. रोज आंगूळ करून डोकं टेकत्यात तिच्यापुढं. मीच टेकायला लावते."

"मालकीणबाई, ती काच..."

"मला काय सांगतीस?" सरस्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसताना त्यांचं सगळं अंग हलत होतं. "चाळीस वर्सं त्या तोंडाशी संसार केलाय. आसलं नितळ त्या तोंडातनं काय निघंल? पैल्या दिशीच वळखलं, ह्यो गाल तुजा. त्यांला रोज तुज्या थुंकीला नमस्कार घालाय लावते बग. निस्ता हसून जीव जातोय माझा!"

मनकर्णालाही हसू आलं. त्या आठवड्यातलं पहिलंच. हसताहसता तिला त्या निळ्या ठिपक्यांची, कलंडलेल्या कुटक्यांची अशी आठवण आली की मेंढरं पुढं गेलेली तिच्या ध्यानातच आली नाहीत.

"मालकीणबाई," ती म्हणाली, "एकडाव आत येऊन बघू का? दुरूनच. हात न्हाई लावायची."

सरस्वतीबाईंचं हसणं थांबलं. त्यांनी फुलांची परडी दुसऱ्या हातात घेतली आणि दोन पावलं मागं सरकल्या.

"तू? आत?" त्या म्हणाल्या. "आगं, देवघर हाय त्ये. इटाळ हुईल की, पोरी."

आत घंटा वाजली. मोहनराव डोकं टेकत होते.